दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: आकडे जुळत नाहीत, मदत हवी

कवडसा

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आई सिंगापूरहून न्यूयॉर्कला ताईकडे जाणार आहे. मध्ये कुठेही न थांबणारं विमान आहे. आईची सत्तरी उलटली आहे आणि इतका लांबचा प्रवास ती पहिल्यांदाच एकटीने करते आहे. दर बारा तासांनी तिची एक गोळी असते, ती चुकवून चालत नाही. परवा तिने विचारलं, "किती लांब आहे गं ते? आणि किती तास बसायचंय नेमकं?" मला सरळ उत्तर देता आलं नाही, म्हणून मोजायला बसले. तेव्हापासून गोंधळ वाढतच चाललाय.

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवली. अरबस्तान, सहारा, अटलांटिक असं करत न्यूयॉर्क गाठलं आणि खालच्या प्रमाणाने हिशेब केला, तर वीस हजार किलोमीटरच्या वर गेलं. एका संकेतस्थळावर 9,537 मैल दिसले. विमानवाले सागरी मैल वापरतात असं ऐकलं होतं, म्हणून 1.852 ने गुणलं, तर 17,663 किमी. दुसऱ्या ठिकाणी सरळ 15,349 किमी लिहिलंय. यातलं खरं कुठलं?

वेळेचंही तेच. तिकिटावर निघायची वेळ रात्री 11:30 आणि पोचायची दुसऱ्या दिवशी सकाळी 6:15. नुसती वजाबाकी केली तर पावणेसात तास, ते तर शक्यच नाही. 15,349 ला विमानाच्या वेगाने, म्हणजे ताशी 900 ने भागलं तर 17 तास. ताई म्हणते पावणेएकोणीस धर. आईला मी काय सांगू?

मोजपट्टी

कवडसा, 15,349 बरोबर आहे. बाकीच्या दोन आकड्यांत काय झालं ते सांगतो.

संकेतस्थळावरचे 9,537 हे साधे मैल आहेत, एक मैल म्हणजे 1.609 किमी. त्याने गुणून बघा, 15,349 च्या आसपासच येतील. सागरी मैलात हेच अंतर 8,288 होतं. सागरी मैल मोठा असतो, 1,852 मीटरचा, कारण तो पृथ्वीवरूनच घेतलाय: अक्षांशाचा एक अंश म्हणजे साठ मिनिटं आणि एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. वैमानिक आणि खलाशी तो सोडत नाहीत त्याचं कारण हेच, नकाशाच्या कडेच्या अक्षांशांवरूनच अंतर मोजता येतं. तुम्ही साध्या मैलांना सागरी समजून गुणलंत आणि 2,300 किलोमीटर वाढले. ही चूक फार जणांची होते. कुठल्याही साइटवर नुसतं "मैल" दिसलं की कुठले मैल ते आधी बघा.

भिंतीवरच्या नकाशाचा तर प्रश्नच वेगळा. त्याच्या तळाशी लिहिलेलं प्रमाण बहुतेक वेळा विषुववृत्तापुरतंच खरं असतं. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश 111 किमीचा असतो, 40 अंश अक्षांशावर तो 85 चा उरतो आणि 60 अंशांवर जेमतेम 56 चा. नकाशा मात्र सगळीकडे तेवढीच रुंदी दाखवतो. म्हणून जितकं उत्तरेला जाल तितकी पट्टी जास्त खोटं बोलणार.

अबोली

मी शाळेत भूगोल शिकवते आणि मुलांना हे शिकवताना नकाशा आधी गुंडाळून ठेवते. कवडसाताई, घरात पृथ्वीगोल असेल तर तो आणि एक शिवणाचा दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक सिंगापूरवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप सगळ्यात जवळच्या वाटेवर येऊन बसतो. हीच ग्रेट सर्कलची वाट, पुस्तकात तिला बृहद्वृत्त म्हणतात.

माझा गोल 30 सेंटीमीटर व्यासाचा आहे. त्याचा घेर साधारण 94 सेंमी, म्हणजे एक सेंटीमीटर जवळपास 425 किलोमीटरचा. तुमचा धागा वाचल्यावर लगेच मोजलं. दोरा 36 सेंमी भरला, म्हणजे 15,300 किमी. शिवणाच्या दोऱ्याने याहून जास्त काय मागायचं!

पण खरी गंमत मोजताना कळली. दोरा ताणला की तो उत्तर ध्रुवावरच्या खिळ्याला अडतो! गोल ज्या आसावर फिरतो ती तिथे वर येते ना, तिला अगदी घासूनच वाट जाते. जरासा बाजूला सरकवून धरावा लागला. नकाशावर आपण अटलांटिक ओलांडत होतो आणि खरी जवळची वाट चीन, मंगोलिया, सैबेरियावरून थेट ध्रुवाकडे आणि तिथून पलीकडे कॅनडावर उतरते. वर्गात एखाद्या मुलाच्या हातून दोरा असा ध्रुवावर गेला की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

टिपकागद

अबोलीताईंच्या खिळ्याचा हिशेब करून पाहिला. ही वाट 87.5 अंश उत्तरेपर्यंत जाते, म्हणजे ध्रुवापासून 300 किमीच्या आत. तुमच्या गोलावर ते सहा-सात मिलिमीटर झाले, दोरा अडणारच.

ज्यांना कॅल्क्युलेटरवर करायचंय त्यांच्यासाठी: सिंगापूरच्या चांगी विमानतळाचे अक्षांश 1.36 उत्तर, रेखांश 103.99 पूर्व. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाचे 40.64 उत्तर आणि 73.78 पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कॉस आणि रेखांशांमधल्या फरकाचा कॉस यांचा गुणाकार करून तो त्यात मिळवा. उत्तर येतं उणे 0.7426. हा ज्या कोनाचा कॉस आहे तो कोन 137.95 अंश. एका अंशाला 111.195 किमी, म्हणजे 15,340 किमी.

प्रोग्रॅम लिहिणारे हेच काम हॅव्हरसाइन सूत्राने करतात, कारण दोन बिंदू फार जवळ असले की वरच्या पद्धतीत दशांशांची अचूकता हरवते. लांबच्या विमानतळांना दोन्ही चालतात.

एका गोष्टीला मात्र जपा. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायलाच हवं. मी पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा ते विसरलो होतो. उत्तर 5,320 किमी आलं आणि अर्धा दिवस सूत्रातच चूक शोधत बसलो. शेवटी तो बिंदू नकाशावर टाकला तर माझं न्यूयॉर्क किरगिझस्तानच्या डोंगरात जाऊन बसलं होतं. तेव्हापासून नियम केलाय, आकडा येवो न येवो, दोन्ही ठिकाणं आधी नकाशावर टाकून बघायची.

निळाई

छान माहिती मिळतेय. पण टिपकागद यांचे 15,340 आणि वरचे 15,349, हा नऊ किलोमीटरचा फरक कसला? आणि विमान तर जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर वरून जातं, मग त्याचं वर्तुळ मोठं नाही का होत?

मोजपट्टी

निळाई, दोन्ही प्रश्न नेमके आहेत.

टिपकागद यांनी पृथ्वी पूर्ण गोल धरली, त्रिज्या 6,371 किमी. प्रत्यक्षात ती ध्रुवांवर चपटी आहे. विषुववृत्ताकडे त्रिज्या 6,378 आणि ध्रुवाकडे 6,357, म्हणजे 21 किमीचा फरक. जीपीएस ज्या मापाने चालतं त्या डब्ल्यूजीएस84 मध्ये हा चपटेपणा धरलेला आहे. त्यावर अंतर काढायला 1975 साली व्हिन्सेंटी या भूमापनतज्ज्ञाने सूत्रं दिली, मोजणीच्या कामात ती आम्ही कायम वापरतो. पूर्ण गोल धरून होणारी चूक जास्तीत जास्त अर्धा टक्का असते. रस्त्याची किंवा पुलाची आखणी करताना ती मला चालणार नाही, पण अठरा तासांच्या प्रवासात नऊ किलोमीटर म्हणजे अर्ध्या मिनिटाचं उड्डाण.

व्हिन्सेंटीची एक अडचण आहे. दोन ठिकाणं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या टोकांना असली तर त्याची आकडेमोड फिरत राहते, उत्तरावर येतच नाही. तिथे नवी पद्धत लागते. चार्ल्स कार्नी यांची 2013 ची पद्धत अशा वेळीही अडत नाही.

उंचीचं म्हणाल तर 6,371 च्या जागी 6,382 धरा. वाढ 0.17 टक्के. या प्रवासात 26 किमी. वाटतं तितकं मोठं प्रकरण नाही ते.

आणि हो, विमानतळाचं अंतर टर्मिनलच्या दारापासून मोजत नाहीत. प्रत्येक विमानतळाचा एक ठरलेला संदर्भबिंदू असतो, साधारण धावपट्ट्यांच्या मध्यावर. दोन साइटवर एखाद-दोन किलोमीटर मागेपुढे दिसले तर त्याने अडून बसू नका.

निळाई

युरोपियन संघात विमान रद्द झालं किंवा फार उशीर झाला तर भरपाई अंतरावर ठरते, 1,500 आणि 3,500 किमीच्या पायऱ्यांनी. तिथेही हेच ग्रेट सर्कलचं अंतर धरतात का?

मोजपट्टी

हो, 2004 च्या 261 क्रमांकाच्या नियमात तसं स्पष्ट लिहिलंय. विमान प्रत्यक्षात कितीही वळसा घालून जावो.

उंचभरारी

अंतराचं काम झालं, आता वेळेकडे येऊ. मी अनेक वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढली आहेत, म्हणजे विमान निघण्याआधी त्याची वाट, इंधन आणि वेळ ठरवणाऱ्या टेबलावर. कवडसा, तुमचा भागाकार चुकलेला नाही, पण भागाकार करायचा कशाला कशाने, तिथे गोम आहे.

ताशी 900 हा विमानाचा हवेतला वेग. मोठी जेट विमानं साधारण माख 0.85 ने, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या 0.85 पटीने उडतात आणि अकरा किलोमीटर उंचीवरच्या थंड हवेत तो ताशी 900 च्या आसपास भरतो. पण ती हवाच वाहत असते. नदीत होडी वल्हवण्यासारखं आहे हे. वल्ही तितकीच मारली तरी प्रवाहाबरोबर एक वेग आणि प्रवाहाविरुद्ध दुसरा. त्या उंचीवर मध्यम अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट स्ट्रीमचे पट्टे असतात, हिवाळ्यात फारच जोराचे. 8-9 फेब्रुवारी 2020 च्या रात्री वादळी वाऱ्याचा फायदा घेऊन एक बोइंग 747 न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं होतं. एरवी त्याच वाटेला साडेसहा-सात तास लागतात.

तुमच्या आईच्या वाटेचं बघू. आकडे समजण्यासाठी गोल करून घेतो. ध्रुवावरून गेलं तर 15,349 किमी, पण समजा वारा समोरून आहे आणि जमिनीवरचा वेग सरासरी 870 पडतोय. वेळ 17 तास 39 मिनिटं. आता दुसरी वाट घ्या, पूर्वेला पॅसिफिक ओलांडून 16,500 किमी. हजाराहून जास्त किलोमीटरचा वळसा. पण पाठीमागून वारा मिळून वेग 960 पडला तर 17 तास 11 मिनिटं. लांबची वाट 28 मिनिटं आधी पोचते. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारं विमान बरेचदा असं पॅसिफिकवरूनच जातं. डिस्पॅचचा संगणक कमी किलोमीटरची वाट शोधत नसतो. तो वेळ आणि इंधन कमीत कमी लागेल ती वाट शोधतो आणि ती रोज बदलते. उत्तर अटलांटिकवर तर वाऱ्याचा अंदाज घेऊन वाटांचा संच दिवसातून दोनदा नव्याने जाहीर होतो, एक पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी आणि एक पूर्वेला येणाऱ्यांसाठी.

निळाई

म्हणजे जाताना वाऱ्याने जे मिळतं ते येताना जातं, शेवटी बरोबरी होत असेल ना? आणि एक लहानपणापासूनची शंका: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे ठिकाण स्वतःच येत नाही का?

उंचभरारी

बरोबरी होत नाही. न्यूयॉर्क ते लंडन साधारण 5,550 किमी धरा. वारा शंभरचा. जाताना 1,000 च्या वेगाने 5 तास 33 मिनिटं, येताना 800 ने 6 तास 56. बेरीज 12 तास 29 मिनिटं. वारा नसता तर 12 तास 20 मध्ये झालं असतं. वारा दीडशेचा केलात तर तोटा नऊ मिनिटांवरून एकवीसवर जातो. कारण उघड आहे, समोरचा वारा विमानाला जास्त वेळ भेटतो आणि पाठीमागचा कमी वेळ.

पृथ्वीच्या फिरण्याबद्दल: विषुववृत्तावर जमीन ताशी 1,670 किमीने पूर्वेकडे धावते, पण धावपट्टीवर उभं असलेलं विमानही त्याच वेगाने धावत असतं आणि भोवतीची हवाही. उडाल्यावर तो वेग टाकून देता येत नाही. चालत्या आगगाडीत नाणं वर उडवलं तर ते हातातच पडतं. जेट स्ट्रीम पूर्वेकडे वाहण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात जरूर आहे, म्हणजे तुमच्या शंकेत थोडं तथ्य आहे, फक्त परिणाम उलट्या बाजूला होतो.

वळशाची आणखी दोन कारणं आहेत. एक म्हणजे बंद आकाश. 2022 मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियो विमानं साडेनऊ तासांवरून तेरा तासांच्या आसपास गेली. शहरं जिथल्या तिथेच आहेत. दुसरं, दोन इंजिनांच्या विमानाला एका इंजिनावर ठरावीक वेळात गाठता येईल असा विमानतळ सतत जवळ ठेवावा लागतो. सिडनी ते सँटियागोची सरळ वाट 62 अंश दक्षिणेपर्यंत उतरते. तिथे खाली पाणी आणि बर्फाखेरीज काही नाही, म्हणून परवानगी किती मिनिटांची आहे त्यावर ती वाट वर ओढावी लागते.

आता तिकिटावरचा वेळ. तो गेटपासून गेटपर्यंतचा असतो, आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. विमान गेटवरून हललं की तो सुरू, पलीकडे गेटवर चाकांना अडसर लागला की बंद. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, वर चढताना आणि खाली उतरताना कमी पडलेला वेग, उतरण्याआधीच्या घिरट्या आणि वेळापत्रकवाल्यांनी ठेवलेली थोडी मोकळी जागा, सगळं आलं. तुमचे 17 आणि ताईंचे पावणेएकोणीस यांच्यामधला फरक तोच, अधिक पॅसिफिकचा वळसा.

अबोली

आणि पावणेसात तासांचं कोडं घड्याळाचं आहे. दोन्ही वेळा जागतिक वेळेत आणा. सिंगापूर आठ तास पुढे, म्हणून रात्री 11:30 म्हणजे जागतिक 15:30. न्यूयॉर्क उन्हाळ्यात चार तास मागे, म्हणून सकाळी 6:15 म्हणजे जागतिक 10:15, दुसऱ्या दिवशीचे. मधले 18 तास 45 मिनिटं. तुमच्या ताईंचं बरोबर आहे.

कवडसाताई, एक चांगली गोष्ट लक्षात आली. उन्हाळ्यात या दोन शहरांमध्ये बरोबर बारा तासांचा फरक असतो. आई काट्यांचं घड्याळ लावत असतील तर ते बदलायचंच नाही! सिंगापूरचे रात्रीचे आठ म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे आठ, काटे तिथेच. गोळीची वेळ आठ असेल तर प्रत्येक वेळी आठच. फक्त नोव्हेंबरमध्ये अमेरिकेची घड्याळं तासभर मागे गेली की फरक तेराचा होतो. गोळीचं एकदा डॉक्टरांनाही विचारून ठेवा.

उंचभरारी

हे फार छान सांगितलंत. माझ्याकडून एक: वेळापत्रकावर विसंबू नका. फ्लाइटरडार24 सारख्या साइटवर त्याच क्रमांकाच्या विमानाची मागच्या काही दिवसांची प्रत्यक्ष उड्डाणं दिसतात. आठवडाभराची उतरायची वेळ लिहून काढा. सगळ्यात लवकरची आणि सगळ्यात उशिराची, या दोन वेळा ताईंना द्या. विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला त्याच लागतात.

कवडसा

किती आणि काय लिहू! डॉक्टरांशी बोलले, ते म्हणाले घड्याळ न बदलता दर बारा तासांनी द्या. आईला पृथ्वीगोल आणि दोरा दाखवला. तिने स्वतः ताणून बघितला, खिळ्याला अडला तेव्हा म्हणाली, "अगं, हे तर डोक्यावरून जातंय!" आठवड्याच्या वेळा ताईला पाठवल्या आहेत.

कवडसा

(महिन्यानंतर)

आई पोचली. तिला म्हटलं होतं वेळा लिहून ठेव, तिने तिकिटाच्या पाठीवर लिहून आणल्या: गेटवरून हललं 11:41, चाकं उठली 11:58, चाकं टेकली 5:52, गेट 6:07. आकाशात 17 तास 54 मिनिटं, गेट ते गेट 18 तास 26. उंचभरारी यांनी सांगितलेल्या दोन वेळांच्या मध्येच ताई येऊन उभी होती.

समोरच्या पडद्यावर बराच वेळ निळा समुद्रच होता म्हणाली, म्हणजे पॅसिफिकवरूनच गेली. पहिली गोळी विमानात आठला घेतली, दुसरी ताईच्या घरी, तीही आठला. घड्याळाला तिने हात लावलेला नाही.

परतीचं तिकीट डिसेंबरचं आहे. तेव्हा कुठली वाट धरू?

उंचभरारी

वाचून खूप बरं वाटलं. आईंना नमस्कार सांगा. डिसेंबरात जेट स्ट्रीम जोरात असेल. परत येताना कधी अटलांटिक-युरोपवरून नेतात, कधी पॅसिफिकवरून, ते त्या दिवशीच्या वाऱ्यावर आहे. निघायच्या आदल्या आठवड्याच्या वेळा काढून इथेच टाका, बसून बघू.

अबोली

आणि डिसेंबरात फरक तेरा तासांचा, विसरू नका. या वेळी काटा एक घर सरकवावा लागेल.